फवारणीचा सल्ला एआयनं दिला, पण चुकला तर बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

जून लागला की वणीतल्या कृषी केंद्रांसमोर मोटारसायकलींची रांग लागते. आधी बियाणं, मग खत आणि जुलै-ऑगस्टपासून औषधं. (कीटकनाशकाला आमच्याकडे सगळे औषधच म्हणतात. विषाला औषध म्हणायची सवय कधी लागली, देव जाणे.) काउंटरवरचा माणूस बाटली देतो, सोबत बिल देतो. बिलावर तारीख असते, औषधाचं नाव असतं, बॅच नंबर असतो. गिऱ्हाइकाकडचं बिल खिशात घामानं विरघळून जातं, पण दुकानदाराकडे त्याची नोंद राहते. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. विक्रीचं बिल देणं आणि नोंद ठेवणं दुकानदाराला त्यानुसार बंधनकारक आहे.

आता विषय असा आहे की, हाच शेतकरी आज दुकानात जायच्या आधी मोबाईल काढतो आणि एआयला विचारतो, "पऱ्हाटीवर अळी पडली, काय मारू? पंपाले किती टाकाचं?" दोन सेकंदांत शुद्ध मराठीत उत्तर येतं. त्यानुसार तो फवारतो.

या सल्ल्याचं बिल कुठे आहे?

हा प्रश्न आत्ताच विचारायचं कारण म्हणजे सरकारनं या रस्त्यावर गाडी बरीच पुढे नेली आहे. राज्याच्या कृषी विभागानं २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर मराठी चॅटबॉट असलेलं 'महाविस्तार' ॲप आणलं. त्याच वर्षी जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं २०२५ ते २०२९ साठी 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. केंद्राचा 'किसान ई-मित्र' हा पीएम किसान योजनेचा चॅटबॉट तर सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. तो ११ भाषांत चालतो आणि केंद्र सरकारच्या २०२५ मधल्या माहितीनुसार दिवसाला २० हजारांहून जास्त प्रश्न घेत होता. शिवाय कृषी निविष्ठांच्या कंपन्या, स्टार्टअप आणि थेट चॅटजीपीटीला विचारणारे वेगळेच.

साधा हिशेब करून बघा. दिवसाला २० हजार प्रश्न येणाऱ्या कुठल्याही चॅटबॉटची समजा ९९ टक्के उत्तरं बरोबर आली. परीक्षेत ९९ टक्के म्हणजे पेढे वाटायची वेळ. इथे त्याचा अर्थ दिवसाला २०० चुकीची उत्तरं. ती २०० कोणती, कोणाला गेली आणि त्यात औषधाच्या मात्रेची किती, हे ज्या वहीतून कळतं तिला सॉफ्टवेअरच्या भाषेत 'लॉग' म्हणतात. ती वही सतत वाचत बसून काही बिघडलं की लगेच ओरडणाऱ्या व्यवस्थेला 'मॉनिटरिंग' म्हणतात. नावं कंटाळवाणी आहेत, मान्य. पण यवतमाळ जिल्ह्यात बसून हा विषय कंटाळवाणा वाटत नाही, कारण आम्ही २०१७ पाहिलं आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्या वेळी चर्चा याचीच होती की औषधं एकमेकांत मिसळायला कोणी सांगितलं, मात्रा कोणी सांगितली, तोंडाला काही बांधायला कोणी सांगितलं होतं का. दुकानदार म्हणायचा शेतकऱ्यानंच मागितलं, शेतकरी म्हणायचा दुकानदारानं दिलं, कंपनी म्हणायची लेबलवर लिहिलं होतं. बाटली कोणती विकली हे नोंदवहीतून शोधता येत होतं. तोंडी सल्ला काय दिला, याचा मात्र कागद नव्हता.

एआयच्या बाबतीत गंमत अशी आहे की इथे सल्ला तोंडी नसतोच. प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवरून जातो. म्हणजे नोंद ठेवणं अगदी शक्य आहे. प्रश्न फक्त ठेवायचं ठरवलं का, नीट ठेवलं का आणि कोणी वाचलं का, एवढाच आहे.

सर्व्हर हिरवा, उत्तर चुकीचं

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक ॲपमध्ये लॉग असतातच की. असतात. बँकेचं ॲप बंद पडलं की कुठेतरी लाल दिवा लागतो, इंजिनिअरचा फोन वाजतो. जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड ओरडून सांगतो. पान उघडत नाही, पैसे अडकतात, स्क्रीनवर एरर येते.

भाषा मॉडेल असं बिघडत नाही. ते चुकतं तेव्हाही अदबीनं, पूर्ण वाक्यांत आणि आत्मविश्वासानं चुकतं. सर्व्हरच्या दृष्टीनं प्रश्न आला, उत्तर गेलं, काम फत्ते. डॅशबोर्ड हिरवागार.

एक कल्पित पण अगदी घडण्यासारखं उदाहरण घेऊ. वणी तालुक्यातला एक शेतकरी व्हॉइस मेसेज पाठवतो, "पऱ्हाटीवर डोमकळी दिसून रायली, काय करू?" डोमकळी म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखं दिसतं. बोंडअळी आली, याची ही पहिली खूण. अशा वेळी डोमकळ्या तोडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा, हा ठरलेला सल्ला आहे.

पण हा आवाज मॉडेलपर्यंत थेट पोहोचत नाही. आधी आवाजाचा मजकूर करणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्यानं 'पऱ्हाटी' ओळखलं नाही आणि 'डोमकळी'चं 'टोमॅटो कळी' केलं. पुढच्या टप्प्यावर ॲपनं आपल्या कृषी माहितीच्या साठ्यातून टोमॅटोवरचं पत्रक शोधून काढलं. तिसऱ्या टप्प्यावर मॉडेलनं ते पत्रक वाचून टोमॅटोच्या अळीवर सुंदर मराठीत उत्तर लिहिलं, औषध आणि मात्रेसह. चौथ्या टप्प्यावर उत्तर शेतकऱ्याला गेलं.

चारही टप्प्यांवर कुठेच एरर आली नाही. मॉडेलनं तर दिलेल्या पत्रकाशी इमान राखूनच उत्तर लिहिलं. चूक कानात झाली होती.

ॲपनं फक्त शेवटचं उत्तर जपून ठेवलं असेल, तर तपासणारा म्हणेल, "एआयला कापसातलं काही कळत नाही, मॉडेल बदला." लाखो रुपये घालून मॉडेल बदलतील आणि डोमकळीचा टोमॅटो होतच राहील. म्हणून अशा ॲपची नोंद टप्प्याटप्प्याची असावी लागते. आवाजातून काय ऐकलं, त्यावरून कोणती पत्रकं काढली, मॉडेलला नेमक्या कोणत्या सूचना दिल्या, त्यानं काय लिहिलं, किती वेळ लागला, किती खर्च आला, हे सगळं एका प्रश्नाच्या एकाच क्रमांकाखाली हवं. त्या साखळीला 'ट्रेस' म्हणतात. खर्चाची नोंद मराठीसाठी जरा जास्तच महत्त्वाची, कारण ही मॉडेल्स मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, मोजून पैसे लावतात आणि त्याच आशयाला देवनागरीत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. यासाठी फार मोठी यंत्रणाही लागत नाही. 'लँगफ्यूज'सारखी मुक्त स्रोत साधनं स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात.

आणि या नोंदीत बॅच नंबर हवाच. म्हणजे काय, तर मॉडेलची नेमकी आवृत्ती आणि सूचनांची आवृत्ती. कारण नाव तेच ठेवून आतला माल बदलणं या धंद्यात सर्रास चालतं. २५ एप्रिल २०२५ ला ओपनएआयनं चॅटजीपीटीच्या मॉडेलमध्ये एक बदल केला आणि ते अचानक लोकांची खुशामत करायला लागलं. कोणी काहीही म्हणो, उत्तर 'व्वा, काय कल्पना आहे!' अशा थाटात. तीन-चार दिवसांत कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. नंतर कंपनीनंच कबूल केलं की काही जाणकार परीक्षकांना मॉडेलचं वागणं खटकलं होतं, पण आकडे चांगले दिसत होते म्हणून ते पुढे गेले.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक ॲपमध्ये उत्तराखाली अंगठा वर, अंगठा खाली एवढीच तपासणी दिसते. शेतकऱ्याला उत्तर गोड वाटलं तर तो अंगठा वर करेल. मात्रा दहापट चुकली आहे हे त्याला कळत असतं, तर त्यानं विचारलंच कशाला असतं?

वही ठेवली, वाचतंय कोण?

दिवसाला हजारो संभाषणं माणसानं वाचणं शक्य नाही. म्हणून जिथे जीव जाऊ शकतो, तिथे नजर जास्त रोखावी लागते. शेतीच्या चॅटबॉटसाठी माझ्या मते दोन जागा आहेत.

पहिली म्हणजे मात्रा. ज्या उत्तरात आकडा आणि त्यापुढे मिली किंवा ग्रॅम आहे, ते प्रत्येक उत्तर यंत्रानं वेगळं काढावं आणि अधिकृत शिफारशीशी ताडून पाहावं. लेबलवर प्रमाण बहुतेकदा लिटरमध्ये किंवा हेक्टरमध्ये असतं, शेतकरी विचारतो पंपात. लिटरला २ मिली म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. उत्तर देताना लिटर आणि पंप यांची अदलाबदल झाली, तर एक तर अळी मरत नाही, नाही तर फवारणाऱ्याच्या अंगावर पंधरापट विष येतं. वाक्य मात्र दोन्ही वेळेला व्याकरणशुद्धच असतं.

दुसरी जागा म्हणजे त्रासाची भाषा. "फवारल्यापासून डोकं गरगरून रायलं", "डोळ्यापुढं अंधारी येते", "उलट्या होऊन रायल्या" असं कोणी लिहिलं, तर तो शेतीचा प्रश्न उरत नाही. तिथे १०८ चा नंबर आणि 'बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा' एवढंच उत्तर जायला हवं आणि त्याच क्षणी जिवंत माणसाच्या फोनवर घंटी वाजायला हवी. हा मेसेज सोमवारच्या आढावा बैठकीत एक्सेलच्या ३४० व्या ओळीत सापडला, तर त्या लॉगचा उपयोग फक्त पंचनाम्याला.

उरलेल्यातून दर आठवड्याला काही शंभर संभाषणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचलायची आणि कापूस कळणाऱ्या माणसापुढे ठेवायची. सध्या एका एआयचं उत्तर दुसऱ्या एआयकडून तपासून घ्यायची पद्धत आहे. स्वस्त पडतं आणि काही प्रमाणात चालतंही. पण डोमकळी पहिल्याला कळली नाही तर दुसऱ्याला कळेल याची हमी काय? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा माणूस त्या साखळीत कुठेतरी बसलाच पाहिजे. आणि सोबत वऱ्हाडी कान असलेला एखादा. हा खर्च कोणत्याही निविदेत सगळ्यात आधी कापला जातो, असा माझा अंदाज आहे, कारण उद्घाटनाच्या फोटोत तो दिसत नाही.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे, जो मला सगळ्यात मोठा वाटतो. वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यातून एका आठवड्यात डोमकळीचे प्रश्न अचानक तिपटीनं वाढले, तर त्याचा अर्थ शेतात बोंडअळी आली आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याला हे त्याच दिवशी कळायला हवं. कीड सर्वेक्षणासाठी राज्यात 'क्रॉपसॅप' प्रकल्प २००९ पासून आहेच. त्याच्या जोडीला शेतकऱ्यांचे प्रश्न म्हणजे फुकट मिळालेलं सर्वेक्षण.

हे काही स्वप्नरंजन नाही. याचा जुना नमुना आपल्याच देशात आहे. जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झालं. फोन उचलणारा माणूस प्रत्येक फोनची नोंद करतो. राज्य, जिल्हा, तालुका, पीक, प्रश्न काय होता, उत्तर काय दिलं. या नोंदी सरकारच्या खुल्या डेटा संकेतस्थळावर लोकांसाठी ठेवल्या आहेत. यवतमाळचा शेतकरी कोणत्या महिन्यात काय विचारत होता, हे कोणीही उघडून बघू शकतो. वीस वर्षांपूर्वीच्या फोन सेवेनं जे केलं, ते आजच्या एआय सेवेला जमू नये, असं कोणतंही तांत्रिक कारण नाही. ॲप किती डाउनलोड झालं हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्यातून सल्ल्याबद्दल काहीच कळत नाही. दर महिन्याला किती उत्तरं तपासली, किती चुकली, चुकलेल्यांना दुरुस्तीचा मेसेज गेला का, हे तीन आकडे जाहीर व्हायला हवेत.

जाहीर होत नाहीत तेव्हा काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथल्या महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यावसायिकांसाठी चॅटबॉट आणला. मार्च २०२४ मध्ये 'द मार्कअप' या संस्थेच्या पत्रकारांनी दाखवून दिलं की तो चक्क बेकायदा सल्ले देतोय, कामगारांना मिळालेली टिप मालकानं घेतली तरी चालेल, इथपर्यंत. चूक लोकांपुढे आणली ती बाहेरच्या पत्रकारांनी.

वहीच चोरीला गेली तर?

इथपर्यंत वाचून 'मग सगळं साठवा' असं वाटत असेल, तर जरा थांबा. शेतकरी चॅटबॉटला फक्त अळीबद्दल विचारत नाही. अनुदान अडकलं म्हणून आधार नंबर टाकतो, सातबाराचा गट नंबर टाकतो, कर्ज किती थकलंय ते सांगतो, कधीकधी घरातलं आजारपणही. हे सगळं लॉगमध्ये जाऊन बसतं. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या 'डीपसीक' कंपनीचा एक डेटाबेस इंटरनेटवर बिनापासवर्ड उघडा सापडला. सुरक्षेवर काम करणाऱ्या 'विझ' कंपनीच्या संशोधकांना त्यात दहा लाखांहून जास्त लॉगच्या ओळी दिसल्या आणि त्यात लोकांची संभाषणं होती. ज्या वहीनं जपायचं, तीच वही वेशीवर टांगलेली.

यावर उपाय म्हणजे साठवायच्या आधीच खासगी तपशील पुसणं. बारा आकडी नंबर दिसला की त्याच्या जागी फुल्या. ऐकायला सोपं आहे, पण मराठीत एक खोच आहे. असे नंबर शोधणारे बरेचसे कोड शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच शोधतात. कोणी आधार नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला तर तो तसाच्या तसा वहीत जातो. कोणी "माझा नंबर नऊ आठ दोन दोन" असं बोलून सांगितलं, तर आणखीच पंचाईत. मराठीत सेवा देणाऱ्यानं ही चाचणी पहिल्या दिवशी करायला हवी.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा 'सर्ट-इन'नं एप्रिल २०२२ मध्ये संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस देशातच जपायचं बंधन घातलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत लॉग किमान एक वर्ष ठेवायचं म्हटलंय, पण ही तरतूद लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. त्याच महिन्यात केंद्रानं जी एआय मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यात एआयमुळे झालेल्या दुर्घटनांची राष्ट्रीय नोंद ठेवावी अशी शिफारस आहे. हे नियम मुख्यतः हॅकिंग आणि डेटाचोरी डोळ्यांसमोर ठेवून केलेत. चॅटबॉटच्या सल्ल्यात मात्रा बरोबर होती का, हे कोणी तपासायचं, याला त्यात थेट उत्तर नाही. आणि १८० दिवसांचा हिशेब कापसाच्या कॅलेंडरशीही जुळत नाही. जूनमध्ये मिळालेल्या बियाण्याच्या सल्ल्याची नोंद डिसेंबरात पुसली गेली तरी चालेल, आणि आमच्याकडे वेचणी तेव्हा अजून सुरू असते. नुकसानीची तक्रार लिहायला माणूस बसतो तो त्यानंतर.

तक्रारीत पुरावा कोणाचा चालतो, याचा एक किस्सा कॅनडाचा आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सांगितलं की आजीच्या अंत्यविधीसाठीच्या प्रवासाची सवलत तिकीट काढल्यावरही ९० दिवसांत मागता येईल. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता. कंपनीनं पैसे नाकारले आणि लवादासमोर चक्क असा बचाव केला की चॅटबॉट हा स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादानं तो बचाव फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. प्रवासी जिंकला, कारण त्याच्याकडे त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट होता.

तर या खरिपात मोबाईलवर मिळालेल्या सल्ल्यानं फवारणी करणार असाल, तर तारीख आणि वेळ दिसेल असा त्या उत्तराचा स्क्रीनशॉट काढा. घरच्यांच्या ग्रुपवर टाकला तरी चालेल, तेवढी नोंद राहते. मात्रा बाटलीवरच्या लेबलशी जुळवून पाहा. जुळली नाही तर लेबल खरं धरा आणि किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन लावा. तिकडे फोन उचलणारा माणूस तुमचा प्रश्न लिहून घेईल. आणि दुकानातून बाटली घेताना बिल मागून घ्या, बॅच नंबर लिहिलेलं.